बाटली भरलेलीच परत येते

एप्रिलमधल्या पालकसभेची गोष्ट. सकाळची शाळा सुटून गेली होती, साडेअकराचं ऊन, आणि आम्ही सगळ्या बाया तोंडाला दुपट्टे गुंडाळून दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये लाइनीत उभ्या. पंखा वर्गात होता, पॅसेजमध्ये नुसती भिंतीतून निघणारी धग. माझ्यापुढे एक ताई होती, एका हातात स्कूटीची चावी, दुसऱ्या हातात मुलाची निळी पाण्याची बाटली. तिचा नंबर आला तेव्हा दार उघडंच होतं, त्यामुळे ऐकायचं नव्हतं तरी सगळं ऐकू आलं. मॅडम म्हणाल्या, अभ्यासात ठीक आहे हो, पण हा सारखा बाहेर जायला मागतो, एकाला सोडलं की मागून चार उठतात, क्लास डिस्टर्ब होतो, घरूनच थोडी सवय लावा ना. ताई खाली बघत म्हणाली, "हो जी मॅडम, सांगते मी त्याले." तिथेच संपलं. पुढचा नंबर माझा होता.

खाली पार्किंगमध्ये कडुनिंबाच्या सावलीत ती परत दिसली. बाटलीचं झाकण उघडून तिने त्यातलं कोमट पाणी ओंजळीत घेतलं, तोंडावर मारलं. बाटली काठोकाठ भरलेली होती. मी सहज म्हटलं, पाणी प्यायलाच नाही का तो. तर म्हणाली, "पीतच नाही ताई शाळेत. पाणी पेलं का बाहेर जा लागते, आन् जाऊ देत नाही, म्हणून मंग पीतच नाही." थोडं थांबली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "एसएस आहे तो." मी विचारलं, शाळेत सांगितलं नाही का? "सांगून काय होते जी. खेळाले घेणार नाही, पोरं चिडवतीन. आन् मोठीचं लग्न व्हायचं आहे अजून." मग तिने हेल्मेट घातलं आणि गेली.

त्या वर्गात वाईट कोणीच नव्हतं, हेच मला जास्त टोचत राहिलं.

नागपुरात 'एसएस' म्हटलं की समजावून सांगावं लागत नाही. विदर्भाबाहेर कोणी हे वाचत असेल त्यांच्यासाठी सांगते, हा सिकल सेलचा आजार, रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, ताठरतात, बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. आईबाप दोघंही एएस म्हणजे वाहक असतील, त्यांना स्वतःला काही त्रास नसेल, तरी प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस निघायची शक्यता चारात एक. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला, खूप दमणूक झाली की क्रायसिस येऊ शकतो, हाडांतून अशी कळ निघते की एवढंसं लेकरू पलंगावर आडवं पडून पाय चोळा चोळा म्हणून ओरडतं. इथल्या मेडिकल कॉलेजच्या किंवा डागा हॉस्पिटलच्या आवारात ज्यांनी हे पाहिलंय ते विसरत नाहीत. आणि या आजारात किडनीलाही त्रास होतो, ती लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणजे शरीरातलं पाणी धरून ठेवता येत नाही, सारखं जावं लागतं आणि म्हणून सारखं प्यावंही लागतं. इतर मुलांसाठी पाणी ही सवय असेल, या मुलासाठी तो औषधाचाच भाग आहे, आणि बाथरूमला जायची परवानगीसुद्धा. मॅडमना जी खोड वाटली ते आजाराचं लक्षण होतं. आणि मुलाने त्यावर स्वतःच्या अकलेने जो उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही, तो नागपुरातल्या एप्रिलमध्ये त्याला थेट अॅडमिट करायला लावणारा आहे.

तेव्हापासून मुलांच्या तब्येतीची जबाबदारी कोणाची, पालकांची की शाळेची, हा वाद कुठेही निघाला की मला ती बाटली दिसते. आमच्या क्लासच्या ग्रुपवर हा वाद दर महिन्याला होतो. कोणाचं पोरगं चक्कर येऊन पडलं, कोणाच्या डब्यात मॅगी निघाली, व्हॅनमध्ये पोरं कोंबली, विषय कुठलाही असो, दोन तट पडतात. एक म्हणतो एवढी फी घेता मग लक्ष द्या, दुसरा म्हणतो जन्म तुम्ही दिला ना. शाळेचं सर्क्युलर येतं त्यात सोमवारी पोळीभाजी, मंगळवारी उसळ असा डब्याचा चार्ट असतो, मुलांना लवकर झोपवा, मोबाइल देऊ नका असं असतं, सगळं बरोबरच असतं. पण त्या सर्क्युलरमध्ये शाळा स्वतः काय करणार याची एक ओळ नसते. आणि ग्रुपवरच्या आमच्या मेसेजमध्ये आम्ही काय करणार याची नसते. सकाळी सहा वाजता ज्या बाईला कंपनीच्या बससाठी बुटीबोरीकडे निघायचंय तिने मंगळवारची उसळ कधी भिजवायची आणि कधी शिजवायची, हे त्या चार्टवाल्यांनी एकदा तिच्या स्वयंपाकघरात येऊन बघावं असं मला मनापासून वाटतं.

माझी शाळा काटोल तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, आणि माझी आई तिथेच शिक्षिका. तेव्हा शाळेत तांदूळ मिळायचा. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची पोषण आहाराची योजना सुरू झाली, त्यातून महिन्याला ३ किलो, हजेरी ८० टक्के असेल तर. तांदूळ आला की व्हरांड्यात पोत्यांचा तो धुळकट गोडसर वास, सोंडे फिरतायत, गुरुजी तराजू घेऊन बसलेत आणि आम्ही कापडी थैल्या घेऊन रांगेत. थैली घरी नेताना खांदा दुखायचा पण अंगात एक रुबाब असायचा, आपण कमावून आणल्यासारखा. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी खाणारी माणसं आठ, तिचा तांदूळ दोन दिवसांत संपून जायचा आणि तिसऱ्या दिवशी ती प्रार्थनेला उभी राहिली की डोळ्यापुढे अंधारी यायची. तिच्या आईचं काय चुकत होतं? घरात आलेलं धान्य आई एकट्या लेकीला कसं घालेल, शेतातून आलेला बाप आणि म्हातारी सासू समोर बसलेली असताना?

पुढे सुप्रीम कोर्टाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की कोरडं धान्य नाही, सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांमध्ये शिजवलेलं जेवण द्या. मी तोवर हायस्कूलला गेले होते, धाकटा भाऊ मात्र त्या खिचडीवर वाढला, शिक्षिकेचा मुलगा असून. ओल्या लाकडाचा धूर, पिवळीधम्म खिचडी, घरून आणलेल्या स्टीलच्या ताटल्यांवर चमचे वाजवणारी पोरं. या आदेशाचं मोल मला आज आई झाल्यावर जास्त कळतं. त्यात पालकांना कोणी नावं ठेवली नाहीत, तुम्ही लेकरांना उपाशी ठेवता असं कोणी म्हटलं नाही. फक्त एवढं मानलं गेलं की दुपारची भूक शाळेच्या वेळात लागते, तेव्हा लेकरू शाळेत असतं, म्हणून जेवण तिथेच, त्याच्या ताटलीत पडलं पाहिजे. जी भूक घरी भागवण्याच्या पलीकडे होती ती शाळेने उचलली. पहिली ते पाचवीच्या लेकराला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २०, असं लिखित माप नंतर ठरलं. आपल्याकडे जबाबदारीवर भाषणं पुष्कळ होतात, इतक्या स्वच्छपणे कोणी कॅलरीत मोजून वाटून घेतलेली मी दुसरी पाहिली नाही.

पण हे सगळं उचलायला शाळा म्हणजे कोण, तर माझी आई. तिचं तांदळाचं रजिस्टर, डाळीचं, तेलाचं, किती पोरं जेवली त्याचं. बिहारमध्ये जुलै २०१३ ला शाळेतल्या जेवणातून कीटकनाशकाची बाधा होऊन २३ लेकरं गेली, तेव्हा ती कितीतरी दिवस खिचडी आधी स्वतः खाऊन अर्धा तास थांबायची आणि मगच वाढायला सांगायची. चव घेऊन वाढायचा नियम आहेच, पण ती चव घेत नव्हती, ती स्वतःवर तपासून बघत होती. जंतांच्या गोळीचा दिवस आला की ती अल्बेंडाझोल पोरांना चावून खायला लावून पाणी पिईपर्यंत समोर उभी. लोहाच्या निळ्या गोळ्या मोठ्या मुलींना जेवणानंतर द्यायच्या, अर्ध्या पोरी जिभेखाली ठेवून नंतर खिडकीतून थुंकायच्या, ते पण तिला माहीत. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली तेव्हा व्हॉट्सअॅपवर काय काय फिरत होतं आठवत असेल. तिच्या वर्गातल्या कित्येक पोरांना त्या दिवशी घरच्यांनी शाळेतच पाठवलं नाही. ती रिटायरमेंटला आलेली बाई संध्याकाळी घरोघरी गेली, चहा पीत बसली, माझ्या नातवालाही तीच लस देतेय म्हणून सांगत. तेव्हा सगळं शाळेवर ढकलणारे पालक दिसले की मला आईचे ते सुजलेले पाय आठवतात आणि मी गप्प बसू शकत नाही. आणि रिटायर झाल्यावरही ती एकच गोष्ट बोलून दाखवते, "खिचडी, गोळ्या, लस, सगळं मीच करून राहिली होती, पण माझ्या वर्गात किती बाक, किती खिडक्या, नळाला पाणी केव्हा, हे मले कोणी विचारलं नाही."

उन्हाचंही तसंच. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बाकी राज्यात पंधरा-सोळा तारखेला, कारण नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रखरखीत दिवस, संपला तरी जमीन निवत नाही हे इथे राहणाऱ्याला कळतं. पण २०२५ मध्ये राज्यभर एकाच वेळापत्रकाने वार्षिक परीक्षा ठेवल्या गेल्या, २५ एप्रिलपर्यंत. पुण्यात बसून कागदावर एकसारखं दिसत असेल, सक्करदऱ्याच्या चौकात पेपर देऊन ऑटोची वाट पाहणाऱ्या पोराच्या डोक्यावरचं ऊन पुण्यातलं नसतं. इथल्या पालकांनी आणि शिक्षकांनी तेव्हा आरडाओरडा केला, आणि मला आठवतं त्याप्रमाणे तेवढ्यापुरते ग्रुपवरचे दोन्ही तट एका बाजूला आले होते. तारीख पालकांच्या हातात नाही आणि मुख्याध्यापकांच्याही नाही. मग रुमालात कांदा बांधून देणं आणि डोक्याला ओला फडका गुंडाळणं एवढंच आईच्या हातात उरतं, आणि तेवढं आपण करतो.

नियम आपल्याकडे कमी नाहीत. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्येच सांगून ठेवलंय. सीबीएसईने २०२५ च्या मे महिन्यात शाळांना साखरेचे बोर्ड लावायला सांगितले, कुठल्या बाटलीत किती साखर ते दिसावं म्हणून. मला तो बोर्ड आवडला, माझ्या लेकीने घरी येऊन मला त्यावरून सुनावलं आणि फ्रीजमधली कोल्ड्रिंकची बाटली बंद झाली, म्हणजे काम झालं त्याचं. अंड्याचं बघून मात्र वाईट वाटतं. राज्याने २०२३ च्या शेवटी पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी बंद केला, शाळांनी वाटल्यास लोकवर्गणीतून द्यावं. ज्या गावात लोकवर्गणी होऊ शकते तिथल्या लेकरांना अंडं घरीही मिळतं. ज्यांना ते शाळेतच मिळणार होतं त्यांच्याच ताटातून गेलं.

आता त्या मुलाचं. त्याच्या आईने सांगायला हवं होतं का? कोणीही सरळ हो म्हणेल. मीही आधी तेच म्हटलं मनात. सिकल सेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे, म्हणजे त्या मुलाला सवलत मागायची गरज नाही, त्याचा हक्कच आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये देशाचं सिकल सेल मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा म्हणून, कोट्यवधी लोकांच्या तपासण्या, हातात कार्ड. चांगलंच आहे ते, अगदी गरजेचं. पण ते कार्ड त्या ताईच्या कपाटात साड्यांच्या खाली आहे आणि का आहे ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. विदर्भात हा आजार बऱ्याच दलित, आदिवासी, ओबीसी घरांत आहे, त्यामुळे आजाराचं नाव काढलं की लोक पुढचा प्रश्न जातीचा विचारतात, तोंडाने नाही विचारला तरी डोळ्याने विचारतात. आणि मग मोठ्या मुलीच्या स्थळांपर्यंत बातमी जाते. तिने मुलाची तब्येत आणि मुलीचं लग्न दोन्ही एका तराजूत घातलं होतं आणि ते घालायची वेळ तिच्यावर आपणच आणली आहे. मॅडमना दोष द्यावा तर त्यांना माहीतच नव्हतं. ताईला द्यावा तर सांगितल्यावर त्या मुलाचं काय झालं असतं याची हमी मी तरी देऊ शकत नाही.

म्हणून माझं मत आता असं झालंय, आणि हे मी बरेच दिवस मनात घोळवून लिहितेय. झोप, सकाळचं खाणं, मोबाइल, औषधाची वेळ, वेळेवर लस, हे आमचं, यात शाळेकडे बोट दाखवायला आम्हाला जागा नाही. पण गेटच्या आतले पाच-सहा तास आम्ही आत येऊच शकत नाही. तिथे पाणी केव्हा प्यायचं, उठायचं की नाही, उन्हात उभं करायचं की सावलीत, पीटीचा पिरियड खरंच मैदानावर होणार की गणिताला जाणार, हे सगळं शाळा ठरवते, तर मग त्याचं उत्तरही शाळेनेच द्यायचं. "घरूनच सवय लावा" हे वाक्य तिथे चालत नाही. मूत्राशयाला घरून सवय लावून पाठवता येत नाही.

आणि उपाय अवघड नाही. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची वेगळी घंटा सुरू केली, घंटा झाली की सगळ्या वर्गाने बाटली काढून प्यायचं. नंतर इतर राज्यांनीही ते उचललं. मला त्याच्याही पुढचं वाटतं, की पाणी प्यायला आणि बाहेर जायला मुलाने विचारायचंच नाही, उठायचं आणि जायचं, सगळ्यांनी. म्हणजे त्या एकाला वेगळी चिठ्ठी नको, आजाराचं नाव नको, ताईला काही सांगायची गरजच उरणार नाही. नवव्या इयत्तेतल्या ज्या मुलीला वर्गात पाळी आली आणि सरांना विचारायची लाज वाटते तिचंही भागेल. थंडीत पहाटेच्या असेंब्लीचं आणि क्रॉसकंट्रीच्या शर्यतीचं मात्र सांगावंच लागेल, तेवढ्यापुरतं डॉक्टरांचं पत्र द्यावंच लागेल, ते मला कळतं. पण रोजचं तरी सुटेल.

आईला हे फोनवर सांगितलं तर ती आधी हसली. "पन्नास पोरं एकदम उठली तर कोण शिकवन?" मग स्वतःच म्हणाली की तिने वर्गात माठ ठेवला होता, खिडकीखाली, वर झाकणी आणि लांब दांडीचं ओगराळं. पहिले काही दिवस सगळी पोरं पाण्यासाठीच उठत होती, खेळ झाला होता त्यांचा, मग आपोआप थांबलं, ज्याला तहान तोच उठायला लागला. मी विचारलं, आणि बाहेर जायचं? तर बराच वेळ काही बोलली नाही. मुलींसाठी तेव्हा शाळेत काहीच नव्हतं, मधल्या सुट्टीत मोठ्या मुली घरी जायच्या आणि त्यातल्या काही परत यायच्या नाहीत. तिने अर्जावर अर्ज केले. शिक्षण हक्काचा कायदा २०१० ला लागू झाला, त्यात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी सक्तीचं झालं, मग बांधकाम झालं, आणि टाकीत पाणी चढत नाही म्हणून कितीतरी दिवस त्याला कुलूप होतं. माठ तिने स्वतःच्या पैशाने आणला होता, टाकी तिला आणता येणार नव्हती.

जूनच्या शेवटी शाळा उघडेल तेव्हा पहिल्या पालकसभेत मी तीन गोष्टी विचारणार आहे. दुसऱ्या मजल्यावर चालू असलेली स्वच्छतागृहं किती, सकाळी अकरा वाजता त्यांच्या नळाला पाणी असतं का, आणि मूल न विचारता उठू शकेल का. मॅडमना नाही विचारणार, त्यातलं पहिलं आणि दुसरं त्यांच्या हातात नाहीच. मॅनेजमेंटचं जे कोणी समोर बसेल त्यांना विचारणार, आणि लेखी उत्तर मागणार. माझ्या लेकीचं नाव सांगून विचारणार, त्या ताईचं नाही.